पारदर्शक प्रॉक्सी खरोखर चालू आहे, हे कशावरून ठरवावे? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळांचे नेटवर्क मी सांभाळतो. लिनक्सचे एक यंत्र फायरवॉल म्हणून बसवले आहे आणि त्याच यंत्रावर स्क्विड हा प्रॉक्सी, म्हणजे वापरणाऱ्याचा संगणक आणि सर्व्हर यांच्या मध्ये राहून विनंत्या पुढे पाठवणारा कार्यक्रम, चालतो. आजवर आम्ही पॅकेट फिल्टरमध्ये रीडायरेक्टचा नियम वापरत होतो, आता टीप्रॉक्सीकडे, म्हणजे सर्व्हरला मूळ संगणकाचाच पत्ता दिसू देणाऱ्या पारदर्शक पद्धतीकडे, वळलो आहोत. विद्यार्थ्यांच्या संगणकांवर पाने व्यवस्थित उघडतात, परंतु आवारातील दुसऱ्या इमारतीत असलेल्या आमच्याच सर्व्हरच्या लॉगमध्ये अजूनही फायरवॉलचा पत्ता दिसतो. पाने उघडतात त्याअर्थी टीप्रॉक्सी चालू आहे, असे समजावे काय? तसे नसेल तर त्याची चाचणी कशी घ्यावी?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पाने उघडतात यावरून एवढेच सिद्ध होते की पॅकेट्स कोणत्या ना कोणत्या वाटेने सर्व्हरपर्यंत पोहोचून परत येत आहेत. ती प्रॉक्सीमधून गेली की प्रॉक्सीला वळसा घालून गेली, आणि प्रॉक्सीमधून गेली असतील तर पुढे कोणाच्या पत्त्याने गेली, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ब्राउझरच्या पडद्यावर मिळत नाही. आपल्या बाबतीत सर्व्हरला फायरवॉलचा पत्ता दिसतो. त्यावरून प्रॉक्सी मध्ये आहे असे मानण्यास जागा आहे, पण बाहेर जाणारी बाजू पारदर्शक नाही. शिवाय मास्करेडचा एखादा नियम लागू होत असेल तर प्रॉक्सी मध्ये आहे हे अनुमानही टिकत नाही, कारण सरळ पुढे गेलेल्या पॅकेटवरही तो नियम फायरवॉलचाच पत्ता लावतो.

आधी दोन पद्धतींतील फरक स्पष्ट करतो, कारण चाचणीत काय पाहायचे ते त्यावरूनच ठरते. रीडायरेक्ट हा पत्ते बदलण्याचाच एक प्रकार आहे. येणाऱ्या पॅकेटचे गंतव्य बदलून ते फायरवॉलच्या स्वतःच्या पोर्टवर आणले जाते, आणि मूळ गंतव्य कोणते होते हे प्रॉक्सीला कर्नलकडे (प्रणालीच्या गाभ्याकडे) वेगळे विचारून घ्यावे लागते. टीप्रॉक्सीमध्ये पॅकेटमधील पत्त्यांना हातच लावला जात नाही. पॅकेटवर एक मार्क लावला जातो, त्या मार्कासाठी ठेवलेल्या वेगळ्या राउटिंग टेबलमध्ये 'सर्व पत्ते स्थानिक समजावेत' असा मार्ग लिहिलेला असतो, आणि पॅकेट थेट प्रॉक्सीच्या सॉकेटकडे (कार्यक्रम ज्यातून नेटवर्कशी बोलतो त्या टोकाकडे) सोपवले जाते. परक्या पत्त्यासाठी आलेले पॅकेट स्वीकारण्याची आणि परक्या पत्त्याने बाहेर बोलण्याची मुभा त्या सॉकेटला 'आयपी ट्रान्स्परंट' या पर्यायाने मिळते, आणि हा पर्याय लावण्यास विशेषाधिकार लागतो. बुडापेस्टच्या बालाबिट कंपनीतील विकासकांनी घडवलेली ही रचना २००८ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या २.६.२८ या कर्नलमध्ये दाखल झाली. एनएफटेबल्स या लिनक्सच्या नव्या पॅकेट फिल्टरमध्ये ती २०१८ साली ४.१९ या आवृत्तीत आली.

आपल्याकडे जे दिसते त्याची कारणे मी पुढील क्रमाने शोधेन. पहिले आणि सर्वांत संभाव्य कारण म्हणजे पोस्टराउटिंगमधील (पॅकेट बाहेर पडण्याआधीच्या शेवटच्या टप्प्यातील) मास्करेडचा नियम. त्यात बाहेर पडण्याचा इंटरफेस नेमून दिलेला नसेल, तर प्रॉक्सीने विद्यार्थ्याच्या संगणकाचा पत्ता लावून पाठवलेले पॅकेटसुद्धा शेवटच्या क्षणी फायरवॉलचा पत्ता घेऊनच बाहेर पडते. टीप्रॉक्सीचे सगळे नियम अचूक असूनही परिणाम चुकलेला दिसतो आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो. दुसरे कारण स्क्विडच्या मांडणीत असते : पोर्टच्या ओळीत 'इंटरसेप्ट' हाच जुना शब्द राहिलेला असतो आणि तेथे 'टीप्रॉक्सी' लिहिलेले नसते, किंवा स्क्विड लागणाऱ्या विशेषाधिकारांच्या आधाराविना बांधलेला असतो. या दुसऱ्या प्रकारात तो सुरू होताना आपल्या लॉगमध्ये तसे नोंदवतो आणि पारदर्शकतेविना काम चालू ठेवतो, म्हणून सुरुवातीच्या ओळी अवश्य वाचाव्यात. तिसरे कारण साधे आहे : रीडायरेक्टचा जुना नियम काढायचा राहून गेला असेल.

आता चाचणीकडे वळतो. ही चाचणी विद्यार्थ्यांच्या चालू नेटवर्कवर घेऊ नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. लिनक्समध्ये नेटवर्क नेमस्पेसची सोय असल्याने एकाच यंत्रावर तीन स्वतंत्र नेटवर्क उभी करता येतात : एकात ग्राहक (विनंती पाठवणारा संगणक), मधल्यात फायरवॉल आणि तिसऱ्यात सर्व्हर. त्यांना आभासी इथरनेटच्या जोड्यांनी जोडावे. पत्ते उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या गटांतून घ्यावेत. ग्राहकाला १९२.०.२.१०, फायरवॉलला ग्राहकाच्या बाजूने १९२.०.२.१ आणि सर्व्हरच्या बाजूने १९८.५१.१००.१, व सर्व्हरला १९८.५१.१००.१० दिला की पुरते. ग्राहक आणि सर्व्हर या दोघांचाही डीफॉल्ट मार्ग फायरवॉलकडे असावा. सर्व्हरचा परतीचा मार्ग फायरवॉलमधून जात नसेल तर पारदर्शक प्रॉक्सी चालूच शकत नाही, कारण सर्व्हर उत्तर देतो ते ग्राहकाच्या पत्त्यावर, आणि ते उत्तर फायरवॉलने वाटेतच उचलून प्रॉक्सीला द्यायचे असते. प्रत्यक्ष नेटवर्कमध्ये जिथे दोन गेटवे असतात तिथे नेमके हेच बिनसते.

मधल्या नेमस्पेसमध्ये फॉरवर्डिंग (आलेली पॅकेट्स पुढे पाठवणे) चालू करावे. नव्या नेमस्पेसमध्ये लूपबॅक (यंत्राने स्वतःशीच बोलण्याचा) इंटरफेस बंद असतो आणि आपला 'सर्व पत्ते स्थानिक' हा मार्ग त्यावरच टेकलेला असतो, म्हणून तो आधी सुरू करावा. येणाऱ्या पॅकेटच्या उलट्या वाटेची पडताळणी करणारी आरपी-फिल्टर ही सोय चाचणीच्या सुरुवातीला पूर्ण बंद ठेवावी. येथे एक बारकावा आहे : एखाद्या इंटरफेससाठी 'ऑल'चे मूल्य आणि त्या इंटरफेसचे मूल्य यांतील जे मोठे असेल ते लागू होते, त्यामुळे एकाच ठिकाणी शून्य लिहिल्याने काम होत नाही. पत्ते बदलणारा कोणताही नियम या मांडणीत घालू नये, कारण ज्याची तपासणी करायची तेच तो झाकून टाकतो.

पहिल्या फेरीत स्क्विडही नको. पायथनमध्ये वीस-पंचवीस ओळींचा एक छोटा कार्यक्रम लिहावा. त्याने सॉकेट उघडून आयपी स्तरावरचा १९ क्रमांकाचा पर्याय, म्हणजेच आयपी ट्रान्स्परंट, लावावा, ५००८० पोर्टवर ऐकावे आणि प्रत्येक कनेक्शनसाठी दोन्ही टोकांचे पत्ते छापावेत. ग्राहकाकडून सर्व्हरच्या ८० पोर्टकडे विनंती पाठवल्यावर या कार्यक्रमाने स्वतःच्या टोकाचा पत्ता १९८.५१.१००.१० आणि पोर्ट ८० असा सांगितला, तर आत येणारी बाजू योग्य आहे. तेथे १९२.०.२.१ आणि ५००८० दिसले तर ते रीडायरेक्टचे काम आहे, टीप्रॉक्सीचे नव्हे. पुढच्या पायरीत कार्यक्रमाने दुसरे सॉकेट उघडावे, त्यालाही तोच पर्याय लावावा, ते ग्राहकाच्या पत्त्याशी बांधावे आणि सर्व्हरशी जोडावे. बांधताना पोर्ट शून्य देऊन तो कर्नललाच निवडू द्यावा. ग्राहकाचाच पोर्ट पुन्हा वापरला तर दोन्ही कनेक्शनचे चारही घटक (दोन्ही टोकांचे पत्ते आणि पोर्ट) एकसारखे होतात आणि कनेक्शनांची नोंद ठेवणाऱ्या कनेक्शन ट्रॅकिंगला ती दोन वेगळी आहेत हे ओळखता येत नाही.

विनंती ग्राहकाच्या नेमस्पेसमधूनच पाठवावी. फायरवॉलवर बसून पाठवलेली विनंती प्रीराउटिंगमधून, म्हणजे आत येणाऱ्या पॅकेट्सच्या ज्या टप्प्यावर टीप्रॉक्सीचा नियम असतो त्यातून, जातच नाही, त्यामुळे त्या चाचणीला काहीही अर्थ उरत नाही. ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की तिचा वेगळा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते.

आता मुख्य मुद्दा. आपण सर्व्हरच्या लॉगवर विसंबून आहात आणि तेथे ग्राहकाचा पत्ता दिसू लागला की काम झाले, असे आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु प्रॉक्सी पूर्णपणे पारदर्शक असली तरी सर्व्हरला ग्राहकाचा पत्ता दिसतो, आणि पॅकेट्स प्रॉक्सीला न शिवता सरळ पुढे गेली तरीही ग्राहकाचाच पत्ता दिसतो. संपूर्ण यश आणि संपूर्ण अपयश यांची नोंद सर्व्हरच्या लॉगमध्ये अक्षरशः एकच असते. एका संस्थेत अशीच मांडणी तपासताना लॉगमधील पत्ते पाहून मी होकार दिला होता. प्रॉक्सीकडे त्या काळात एकही विनंती पोहोचलेली नव्हती, हे काही आठवड्यांनी उघड झाले. तेव्हापासून मी दोन्ही बाजूंची पॅकेट्स टीसीपीडंप या पॅकेट्स दाखवणाऱ्या साधनाने स्वतः पाहिल्याशिवाय मत देत नाही.

पॅकेट्समध्ये पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे टीटीएल हा आकडा. लिनक्स आपले पॅकेट ६४ या टीटीएलने सोडतो आणि मधला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. वर सांगितलेल्या मांडणीत सर्व्हरपाशी पोहोचलेल्या पहिल्या सिन (कनेक्शन सुरू करणाऱ्या) पॅकेटचा पत्ता ग्राहकाचा आणि टीटीएल ६३ असेल, तर ते ग्राहकानेच पाठवलेले आहे आणि फायरवॉलने नुसते पुढे ढकललेले आहे. पत्ता ग्राहकाचा आणि टीटीएल ६४ असेल, तर ते फायरवॉलवरच्या प्रॉक्सीने ग्राहकाच्या नावे घडवलेले आहे. ग्राहकाच्या बाजूलाही सर्व्हरच्या पत्त्याने आलेल्या उत्तराचा टीटीएल असाच तपासता येतो. जोडीला दोन्ही बाजूंचे सुरुवातीचे अनुक्रमांक ताडून पाहावेत. प्रॉक्सी मध्ये असेल तर ती दोन स्वतंत्र कनेक्शन असल्याने ते जुळत नाहीत. एवढा पुरावा हाती आल्यावरच टीप्रॉक्सी चालू आहे असे म्हणावे.

यानंतरची चाचणी बहुतेक जण घेतच नाहीत, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे : प्रॉक्सी बंद करून पाहणे. आयपीटेबल्स या जुन्या पॅकेट फिल्टरमधील टीप्रॉक्सी टार्गेटला योग्य पारदर्शक सॉकेट सापडले नाही तर ते पॅकेट टाकून देते. प्रॉक्सी पडली की वेब बंद पडते, तक्रारी येतात आणि बिघाड लगेच कळतो. एनएफटेबल्समधील टीप्रॉक्सीची वागणूक निराळी आहे. सॉकेट सापडले नाही तर तो नियम तिथेच सोडून दिला जातो आणि पॅकेट पुढच्या नियमाकडे जाते. पुढे फॉरवर्ड साखळीने (पुढे जाणाऱ्या पॅकेट्सच्या नियमांनी) परवानगी दिलेली असेल तर ते प्रॉक्सीविना थेट सर्व्हरकडे निघून जाते, पाने उघडत राहतात आणि कोणाला काहीच कळत नाही. नियमातील शब्दांचा क्रमही येथे निर्णायक ठरतो. मार्क लावण्याची क्रिया टीप्रॉक्सीच्या आधी लिहिलेली असेल, तर नियम सुटला तरी मार्क पॅकेटवर राहतो, पॅकेट स्थानिक ठरते आणि ऐकणारे कोणी नसल्याने ग्राहकाला कनेक्शन नाकारल्याचे उत्तर मिळते. मार्क नंतर लिहिलेला असेल तर तो लागतच नाही. आयपीटेबल्सवरून एनएफटेबल्सकडे जाताना नियम ओळीस ओळ उतरवून घेतले आणि चाचणीही 'पान उघडते का' एवढीच घेतली, तर हा बदल नजरेतून निसटतो. प्रॉक्सी पडल्यावर वेब बंद व्हावे की चालू राहावे, हा निर्णय संस्थेने जाणीवपूर्वक घ्यावा, फॉरवर्ड साखळीत तसा नियम स्पष्ट लिहावा आणि प्रॉक्सी बंद करून तो तपासावा.

हे सर्व जमल्यावर स्क्विड आणावा, मग आरपी-फिल्टर एकेका इंटरफेसवर पूर्ववत करून पाहावे, आणि सर्वांत शेवटी मास्करेडचा नियम फक्त बाहेरच्या इंटरफेसपुरता घालावा. प्रत्येक पायरीनंतर टीटीएलची तपासणी पुन्हा करावी.

प्रश्न : आमच्या लहान कार्यालयात सर्व संगणक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे आहेत. अशा ठिकाणी टीप्रॉक्सीचा उपयोग आहे काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : फारसा नाही. पत्ते बदलण्याचे काम त्याच फायरवॉलवर होत असेल तर बाहेरच्या सर्व्हरला दोन्ही पद्धतींत कार्यालयाचाच पत्ता दिसतो. प्रॉक्सीच्या पलीकडे आपल्याच नेटवर्कमध्ये आणखी एखादे यंत्र पत्त्यांनुसार वापर मोजत असेल किंवा परवानग्या देत असेल, तरच टीप्रॉक्सीचे श्रम सार्थकी लागतात. टीसीपीपुरते काम असेल तर आपण रीडायरेक्टवरच राहावे, असे मी सुचवेन.

प्रश्न : मी ओपनबीएसडी या प्रणालीचा पीएफ हा पॅकेट फिल्टर वापरते. त्यात अशी सोय आहे काय, आणि तिची चाचणी वेगळी असते काय?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : सोय आहे आणि ती लिनक्सच्या सोयीच्याच सुमारास, २००८ च्या नोव्हेंबरात आलेल्या ओपनबीएसडी ४.४ मध्ये दाखल झाली. आत येणाऱ्या बाजूसाठी नियमात 'डायव्हर्ट-टू' लिहून स्थानिक पत्ता आणि पोर्ट द्यायचा असतो, तर प्रॉक्सीने ग्राहकाच्या पत्त्याने उघडलेल्या कनेक्शनची उत्तरे तिच्याकडेच यावीत म्हणून बाहेर जाणाऱ्या नियमात 'डायव्हर्ट-रिप्लाय' लिहावे लागते. हा दुसरा नियम विसरला गेला तर सर्व्हरचे उत्तर सरळ ग्राहकाकडे जाते. ग्राहकाने ते कनेक्शन मागितलेलेच नसल्याने तो ते तोडून टाकतो, आणि सर्व्हरपर्यंत जाणारे पहिले पॅकेट मात्र अगदी योग्य दिसते. म्हणून आपण जाण्याच्या नव्हे, परतीच्या वाटेवर अधिक लक्ष द्यावे. लिनक्समधील आयपी ट्रान्स्परंटचे काम येथे 'एसओ बाइंडएनी' हा सॉकेट पर्याय करतो आणि त्यासाठी रूट अधिकार लागतात.

चाचणीचे तत्त्व वर सांगितले तेच आहे. पीएफची साधने मात्र वाखाणण्याजोगी आहेत. नियमांची फाइल लागू न करता तिचे व्याकरण तपासता येते, प्रत्येक नियमाला किती पॅकेट्स लागली याची मोजणी पाहता येते, आणि स्टेट टेबलमध्ये प्रत्येक कनेक्शनची नोंद वाचता येते. एका विनंतीसाठी आत आणि बाहेर अशा दोन्ही नियमांची मोजणी वाढली पाहिजे. एक इशारा द्यायला हवा : फ्रीबीएसडीच्या पीएफमध्येही 'डायव्हर्ट-टू' हे शब्द आहेत, पण तेथे त्यांचा अर्थ निराळा आहे. तेथे पॅकेट टीसीपीच्या सॉकेटकडे न जाता डायव्हर्ट सॉकेटकडे जाते, त्यामुळे एकीकडचे नियम दुसरीकडे नेऊन चालणार नाहीत.

प्रश्न : चाचणीत सर्व काही योग्य दिसले. तरीही प्रत्यक्षात काही मोठी पाने अर्धवट उघडून अडकतात, आणि ब्राउझरमधून भेट दिलेल्या कित्येक संकेतस्थळांची नोंद प्रॉक्सीमध्ये दिसतच नाही. काय सुटले असावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. नोंद न दिसण्याची मुख्य कारणे दोन. आजचे ब्राउझर अनेक संकेतस्थळांशी एचटीटीपीच्या तिसऱ्या आवृत्तीने, म्हणजेच क्विकवरून बोलतात. तो यूडीपीच्या ४४३ पोर्टवर चालतो, आणि टीसीपीपुरते लिहिलेले नियम त्याला पाहतच नाहीत. शिवाय ज्या नेटवर्कवर आयपीव्ही६ पोहोचले आहे तेथे ब्राउझर त्याला प्राधान्य देतो. तेव्हा नियम, मार्काचा राउटिंग नियम आणि 'सर्व पत्ते स्थानिक' हा मार्ग हे तिन्ही आयपीव्ही६ साठी वेगळे लिहावे लागतात. चाचणीच्या नेमस्पेसमध्ये आयपीव्ही६ चे पत्ते द्यावेत आणि प्रत्येक चाचणी दोन्हींवर घ्यावी. टीएलएसने कूटबद्ध केलेला मजकूर प्रॉक्सीला वाचता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे. त्या बाबतीत चाचणीची अपेक्षा 'कनेक्शन प्रॉक्सीमधून गेले' एवढीच ठेवावी.

मोठी पाने अडकण्याचे कारण बहुधा आयसीएमपी (नेटवर्कमधील अडचणी कळवणाऱ्या) संदेशांत सापडेल. वाटेतील एखादा दुवा लहान पॅकेट मागतो तेव्हा 'तुकडे करणे आवश्यक आहे' असा संदेश पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर येतो. आपली प्रॉक्सी ग्राहकाच्या पत्त्याने बोलत असल्याने हा संदेश ग्राहकाच्या नावे येतो, आणि चालू कनेक्शनची पॅकेट्स प्रॉक्सीकडे वळवण्यासाठी लिहिलेला, सॉकेट ओळखणारा नियम फक्त टीसीपीसाठी लिहिलेला असेल तर तो प्रॉक्सीला न मिळता ग्राहकाकडे निघून जातो. ग्राहकाला त्या कनेक्शनची काहीच माहिती नसते. सॉकेट जुळवणारी यंत्रणा आयसीएमपी संदेशाच्या पोटातील मूळ शीर्षक वाचून योग्य सॉकेट शोधू शकते, म्हणून त्या नियमावरील टीसीपीचे बंधन सैल करावे. सर्व्हरकडचे कनेक्शन उघडणाऱ्या प्रॉक्सीने सर्व्हरला बरेच काही पाठवायचे असते तेव्हाच हा दोष प्रकट होतो. आपल्या 'अर्धवट पानां'मध्ये फॉर्म किंवा फाइल पाठवण्याची पाने आहेत का, हे आधी पाहावे. चाचणीत फायरवॉल आणि सर्व्हर यांच्यामध्ये आणखी एक राउटर नेमस्पेस घालून त्याच्या पुढच्या दुव्याचे एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) १४०० करावे आणि ग्राहकाकडून एक-दोन मेगाबाइटची फाइल वर पाठवावी. छोट्या विनंत्यांनी हा दोष कधीच सापडत नाही.

प्रश्न : कर्नल किंवा फायरवॉल अद्ययावत केल्यानंतर हे सारे पुन्हा हाताने करावे लागते काय?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नेमस्पेस उभारणे, नियम घालणे, विनंती पाठवणे आणि टीटीएल तपासणे हे सर्व एका शेल स्क्रिप्टमध्ये बसते, आणि ती काही सेकंदांत संपते. कर्नलच्या स्रोतात नेटफिल्टरच्या ज्या चाचण्या आहेत त्याही नेमस्पेसवरच उभ्या आहेत. त्या वाचून आपली स्क्रिप्ट बेतावी. स्क्रिप्टमध्ये निदान एक चाचणी अशी ठेवावी की जी नापास होणेच अपेक्षित आहे, उदाहरणार्थ आयपी ट्रान्स्परंट न लावलेला कार्यक्रम. तीसुद्धा यशस्वी झाल्याचे स्क्रिप्टने सांगितले, तर आधी स्क्रिप्ट दुरुस्त करावी.